वारा पडलेल्या दिवशी ओढ्याच्या कुरणावर

माझे सासरे अँब्रोज वापूस यांनी उभ्या आयुष्यात कुणाला "चला शिकारीला" असं म्हटलेलं नाही, आणि तरीही आमच्या हद्दीत, उत्तरेकडच्या या बर्फाळ समुद्रकिनाऱ्यावर, रानहंसांच्या शिकारीचे म्होरके तेच. आमच्याकडे म्होरक्या हुकूम सोडत नाही. वसंतात शिकारीचा तळ पडला की तो सकाळी तंबूबाहेर येतो, वाऱ्याकडे तोंड करून चहा पितो, आणि मग एकतर लांब रबरी बूट चढवतो किंवा चढवत नाही. बूट चढले की बाकीचे आपापल्या बंदुका घेऊन मागे निघतात. नाही चढले की सगळे पुन्हा आत जाऊन पत्ते कुटत बसतात. मी नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून इथे सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच वसंतात मी सरळ विचारलं होतं, "मुशुम, आज जायचंय की नाही?" मुशुम म्हणजे आजोबा, त्यांना सगळं गावच तसं म्हणतं. मी प्रार्थना चालू असताना शिट्टी वाजवली असावी, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुशुम मात्र हसले आणि म्हणाले, "मलाही तेच कळायचंय गं. चहा तरी संपू दे."

त्यांचे नियम थोडेच होते आणि ते त्यांनी बनवलेले नव्हते, वाडवडिलांकडून आलेले होते. वारा पडला असेल त्या दिवशी बार काढायचा नाही, कारण आमचा किनारा सपाट आहे आणि शांत हवेत आवाज कुठच्या कुठे जातो. एका थव्याला मारायला गेलं की दहा थव्यांना कळतं. सूर्य बुडाल्यावर बार काढायचा नाही, कारण नळीतून निघालेला जाळ वरून दिसतो. आज जिथे शिकार केली तिथे उद्या करायची नाही. जेवढं मारलं तेवढं खायचं, पिसं उशीत घालायची आणि हाडं कुत्र्यापुढे न टाकता झाडाला टांगायची. आणि ओढ्याच्या मुखाशी जे कुरण आहे, तिथे तर कधीच मारायचं नाही. ती जागा रानहंसांची. तिथे त्यांनी निर्धास्त चरावं, म्हणजे ते दरवर्षी परत येतात आणि जाता-येता दुसरीकडे आपल्याला मिळतात.

आता रानहंस म्हटले तरी आमच्याकडे दोन जातीचे येतात. काळ्या मानेचा, करड्या अंगाचा, तो निस्का. वसंत म्हणजे निस्का. दोरीला टांगून विस्तवापुढे गरगर फिरवत भाजलेला निस्का, खाली थाळीत ठिबकणारी त्याची चरबी आणि त्या चरबीत बुडवून खाल्लेली जाड भाकरी, यासाठी आमची माणसं अख्खा हिवाळा काढतात. दुसरा पांढरा, पंखांची टोकं काळी, तो वेवे. वेवे खायला वाईट नाही. पण वाईट नाही असं ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं, त्याच्यासाठी कुणी हिवाळा काढत नाही.

मुशुमना एक खोड होती. पक्षी साफ करायला आम्हा बायकांकडे आला की ते हळूच येऊन त्याच्या पोटातली ती कडक, दाणे दळायची पिशवी मागून न्यायचे. सुरीने चिरून आतला माल पत्र्याच्या झाकणावर पसरायचे आणि काडीने उलटसुलट करत बसायचे. म्हातारा दुपारभर तेच करणार. "काय सापडलं?" असं विचारलं की म्हणायचे, "हा काल तळ्यावर होता, खोटं बोलत नाही." त्यांच्या मोठ्या बहिणीला, कूकुम ऑलिव्हला, हे अजिबात आवडायचं नाही. कूकुम म्हणजे आजी. तिच्या मते पाहुणा काय खाऊन आला हे त्याचं पोट फाडून बघणं बरं नव्हे. मुशुम म्हणायचे, "पाहुण्याला तू चुलीवर चढवतेस, ते चालतं, आणि मी नुसतं बघितलं तर पाप."

याच झाकणावर त्यांना पहिल्यांदा दिसलं की वेवेच्या पोटात गवत नाही. निस्काच्या पोटात गवताचे हिरवे शेंडे निघत. वेवेच्या पोटात चिखल, आणि त्यात पांढरी बारीक मुळं. त्यांच्या लहानपणी वेवे मोजकेच यायचे. पुढे ते वाढत गेले, आणि इतके वाढले की मे महिन्यात किनारा पुन्हा बर्फाने भरल्यासारखा दिसे. जिथे उतरत तिथलं गवत मुळासकट जाई. मग नुसता काळा चिखल उरे, उन्हाळ्यात तो वाळून भेगाळे आणि वर मिठाचा पापुद्रा धरे. विलोची झुडपं उभ्याउभ्या मेली. उत्तरेकडची दोन मोठी कुरणं अशी गेली. मग वेवेंना ओढ्याच्या मुखाचं कुरण सापडलं, जिथे कुणी बार काढत नव्हतं. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, अशी गत झाली.

त्या सुमारास कारिन नावाची एक बाई दरवर्षी उन्हाळ्यात पक्ष्यांची गणती करायला येऊ लागली होती. तिने कुरणावर चार खुंट्या ठोकून जाळीचं एक छोटं कुंपण घातलं. दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या आत घोट्यापर्यंत गवत आणि बाहेर चिखल. मुशुम त्या कुंपणाला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरत राहिले. मग त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली.

"हे एवढे झाले कसे?"

"दक्षिणेत जिथे हे हिवाळा काढतात, तिथे आता सगळी शेतं आहेत," कारिन म्हणाली. "कापणीत सांडलेला दाणा फुकट खायला मिळतो. पूर्वी हिवाळ्यात बरेच मरायचे. आता मरत नाहीत. म्हणून तर सरकारनं वसंतात हवे तेवढे मारायला परवानगी दिलीय."

"पोटभर दाणा खाऊन येतात, मग इथे माती का उकरतात?"

"वाटेत अंगावरची चरबी संपते बहुतेक. आणि इथे येतात तेव्हा गवत फुटलेलं नसतं. पण नक्की सांगता येत नाही मला."

"म्हणजे तुलाही माहीत नाही," मुशुम खूश होऊन म्हणाले. "मग बस, चहा घे."

त्या दोघांचं तेव्हापासून जमलं. पण "हवे तेवढे मारा" हे ऐकून आमच्या तंबूत जे व्हायचं ते झालं. कूकुम ऑलिव्ह पिसं उपटता उपटता म्हणाली, "मारायला काय लागतं? बोट लागतं. पिसं उपटायला दोन हात लागतात, आणि ते हात माझे. भूक एकाची आणि मारायचे दहा, हे कुठल्या देवानं सांगितलंय? त्या कारिनला म्हणावं, ये इथे बसायला." कारिन खरंच येऊन बसली. तिने एका वेवेची पिसं काढता काढता त्याची कातडीही काढली. कूकुम म्हणाली, "राहू दे बाई, तू मोजच."

मी कूकुमच्या बाजूची होते. कुणी लांब बसून उंटावरून शेळ्या हाकाव्यात आणि इथे आमची बोटं सुजावीत, याचा मला राग यायचा. पण मुशुम कुठल्याच बाजूचे नव्हते. ते दोन वसंत नुसते विचार करत राहिले. त्यांना घोर होता तो एकाच गोष्टीचा. ओढ्याचं कुरण निम्मं गेलं होतं. उरलेलं निम्मं गेलं की निस्काला उतरायला आमच्या हद्दीत जागाच नव्हती. वेवेंना तिथून उठवायचं तर तिथे बार काढायला हवा, तोही शांत दिवशी, आवाज लांब जाईल असा. पण तो आवाज निस्काही ऐकणार. एकदा तो ऐकला की ते इथे पुन्हा कधी उतरतील, हे सांगता येत नव्हतं. आणि वाट बघायला मुशुमकडे फार वर्षं नव्हती, त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

पुढच्या वसंतात एका सकाळी वारा साफ पडला. धूर सरळ वर जात होता. असा दिवस म्हणजे सुट्टी, सगळे अंथरुणात लोळत होते. मुशुमना मात्र एक प्रश्न पडला होता, तो त्यांनी नंतर सांगितला: वारा नसेल, भीती नसेल, तेव्हा निस्का आणि वेवे एकाच कुरणावर शेजारी शेजारी चरतात का, की वेवे त्यांना हाकलतात? ते बघायला त्यांनी दुर्बीण घेतली, काठी घेतली, चिखल होता म्हणून बूट चढवले आणि चालू लागले.

माझा नवरा रूफस लघवीला उठला होता. तो आत येऊन म्हणाला, "मुशुमनी बूट घातलेत."

"वारा कुठाय?" मी म्हटलं.

"मला काय विचारतेस? ते चाललेत."

शेजारच्या तंबूतून डोकी बाहेर आली. वारा नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. मुशुम ओढ्याच्या दिशेने चाललेत, जिथे कधीच मारत नाहीत, हेही दिसत होतं. पण म्होरक्याने बूट चढवले आणि आपण मागे राहिलो, असं आमच्यात कधी झालेलं नाही. सगळ्यांनी बंदुका उचलल्या. कूकुम ऑलिव्हनेसुद्धा पुटपुटत आपली जुनी बंदूक उचलली. मीही गेले. मी विचारायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत माझी विचारायची सवय मोडून पडली होती.

मुशुम वाहून आलेल्या एका ओंडक्यामागे पोटावर आडवे पडून दुर्बिणीतून बघत होते. आमच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. मागे सगळा तळ, हातात बंदुका.

"काय झालं?" ते कुजबुजले. "अस्वल आलं का?"

"तुम्ही निघालात म्हणून आलो," रूफस म्हणाला.

"मी बघायला निघालो होतो."

कुणाला हसावं की रडावं कळेना. कूकुम ऑलिव्ह त्यांच्या शेजारी ओंडक्यामागे बसली आणि हळूच म्हणाली, "उभा जन्म तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. आता भोग."

पुढे कुरण पांढरंफटक होतं. हजारो वेवे माना खाली घालून उकरत होते, आणि त्या चिखलाचा, चोचींचा, कलकलाटाचा असा काही गोंगाट होता की आमची कुजबुज त्यांना ऐकूही गेली नाही. ते पुढे सरकत होते तसा त्यांच्यामागे काळा पट्टा उरत होता. माझ्या डोळ्यांदेखत गवत जात होतं. आणि पार पलीकडे, ओढ्याच्या काठाला, उरलेल्या हिरव्या तुकड्यावर निस्काच्या काही जोड्या होत्या. त्या चरत नव्हत्या. माना ताठ करून उभ्या होत्या आणि वेवे जवळ आले की मागे सरत होत्या. मागे आता पाणीच होतं.

मुशुम बराच वेळ बघत राहिले. मग ते उठून बसले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना उद्देशून विचारलं, "आज जे पडेल, त्याची पिसं कोण काढणार?"

पुरुषांनी आपापले बूट न्याहाळले. कूकुम म्हणाली, "तू काढणार असशील तर मी काढीन."

"काढीन."

"सगळे संपेपर्यंत?"

"सगळे संपेपर्यंत. आणि आपल्याला जास्त झाले तर डेल्माच्या माहेरी पाठवू. वर त्यांच्याकडे काही उतरत नाही." डेल्मा म्हणजे मी.

मग त्यांनी रूफसच्या हातातली बंदूक घेतली. वारा नसताना त्यांच्या हातात बंदूक मी पहिल्यांदाच बघत होते. ते म्हणाले, "निस्काकडे कुणी नळी करायची नाही." आणि पहिला बार त्यांनी काढला.

तो आवाज मला अजून आठवतो. तो संपतच नव्हता, नुसता पसरत गेला. अख्खं कुरण उचललं गेलं आणि ऊन झाकलं. आमच्या सगळ्यांच्या बंदुका वाजू लागल्या, पक्षी धपाधप पडू लागले, रूफस ओरडत होता. मुशुमनी दुसरा बार काढलाच नाही. ते पलीकडे बघत होते. निस्का उठले होते. ते वेवेंसारखे गोंधळले नाहीत, जोडीजोडीने उठले, आमच्या डोक्यावरून एकदा गेले आणि उत्तरेकडे वळले. दिसेनासे होईपर्यंत मुशुमनी मान खाली घेतली नाही.

"येतील परत," रूफस म्हणाला.

"निस्का खूप जगतात आणि विसरत नाहीत," मुशुम म्हणाले. "पोरांनाही सांगतात. या जागी तुम्हाला कुणी काही करणार नाही, असा माझ्या बापाचा शब्द होता, मग माझा होता. तो आज मोडला. येतील की नाही, मला माहीत नाही." मला त्यांची दया आली, आणि आपण सगळे मेंढरांसारखे मागे आलो याची लाजही वाटली.

पण शब्द दिला तसे ते बायकांच्या तंबूत बसले. आमच्यात पुरुष तिथे चहा मागायला तेवढा येतो. मुशुम गुडघे दुमडून, मांडीवर वेवे घेऊन बसले. पहिल्या काहींची त्यांनी कातडी फाडली. कूकुम म्हणाली, "कारिन बरी होती." ते हसले नाहीत, पण थांबलेही नाहीत. बोटं सुजली, पिसांनी खोकला झाला, तरी शेवटचा पक्षी होईपर्यंत उठले नाहीत. मग मालवाहू विमानातून माझ्या माहेरी पेट्या गेल्या. आईचा फोन आला, "तुझ्या सासऱ्यांना वेड लागलंय का गं? आमच्याकडे ठेवायला जागा नाही." मी म्हटलं, "शेजाऱ्यांना वाट, पण टाकू नकोस. टाकलंस तर इथे म्हातारा उपाशी राहील."

त्यानंतर तोच क्रम झाला. जिथे निस्काची शिकार, तिथे जुने नियम. ओढ्याच्या कुरणावर उलटे: वारा पडला की जायचं, बार काढायचा, वेवेंना टेकू द्यायचं नाही. मात्र जेवढ्यांची पिसं काढायला हात आहेत तेवढेच मारायचे, पुढे नुसते उठवायचे. हा हिशेब कूकुमचा, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. लोक कुरकुरायचे. शांत दिवस म्हणजे विश्रांती, ती गेली. दोन कुटुंबं रागावून दुसऱ्या म्होरक्याच्या हद्दीत तंबू घेऊन गेली.

निस्का त्या वसंतात पुन्हा उतरले नाहीत. पुढच्या वसंतातही नाहीत. ते उंचावरून जायचे. रूफस घसा बसेपर्यंत त्यांच्या आवाजात त्यांना हाका मारायचा आणि ते एक वळसासुद्धा घ्यायचे नाहीत. मुशुम खाली बसून वर बघत म्हणायचे, "ऐकतायत. ओळखतायत म्हणून येत नाहीत." आणि जेवणात वेवे आला की मुकाट्याने खायचे. शेजारच्या हद्दीतून कुणी निस्काची तंगडी पाठवली तर पोरांना द्यायचे. मला वाटायचं, विनाकारण स्वतःला शिक्षा करून घेतोय हा माणूस. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "शिक्षा नाही गं. मला जिभेची सवय मोडायचीय. नाहीतर ते परत आले की मी मारायची घाई करीन."

उन्हाळ्यात कारिन आली. उरलेलं निम्मं कुरण शाबूत होतं. गेलेलं परत आलं नव्हतं, पण चिखलाच्या कडेकडेने गवताचे धागे पसरायला लागले होते. मुशुमनी विचारलं, "पूर्ण भरायला किती वर्षं?"

"आपल्या हयातीत नाही," ती म्हणाली. "तुमच्या नाहीच, माझ्याही बहुतेक नाही."

ते मान हलवत कितीतरी वेळ त्या कडेशी वाकून बघत राहिले, काडीने धागे उचलून उचलून.

यंदाच्या वसंतात त्यांच्या कमरेने दगा दिला. बर्फावरच्या गाडीला मागे घसरगाडी जोडून, घोंगड्यात गुंडाळून आम्ही त्यांना तळावर आणलं. चेहरा पार बसला होता. हा त्यांचा शेवटचा वसंत, हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. तंबूच्या दारापाशी स्प्रूसच्या झाडाच्या मऊ फांद्या अंथरून त्यांवर त्यांना बसवलं की ते दिवसभर तिथेच. एक दिवस सकाळी चांगला वारा सुटला होता, शिकारीला हवा तसा. ते मला म्हणाले, "तू जा. बंदूक नको नेऊस. कुरणावर काय आहे ते बघून ये."

मी गेले. ओंडक्यामागे पोटावर पडले. वेवे नव्हते. ओढ्याच्या काठाला निस्का होते.

मी धावत आले म्हणायला हरकत नाही, या वयात जितकं धावता येतं तितकं. माझा चेहरा बघून रूफस उठला. बाकीचेही उठले. मी थेट मुशुमपाशी जाऊन बसले.

"आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत. जोड्या आहेत."

"नुसते उभे आहेत?"

"नाही. चरतायत. मी होते तोवर एकानं मान वर केली नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, रडतायत, पण नाही. रूफस वाकून म्हणाला, "मुशुम, कुरणावर नाही मारायचं, कळतं मला. पण भरती आली की ते उठून खाडीवरून जातील. तिथे आडोसा धरून बसतो. एकच आणतो. फक्त तुमच्यापुरता." त्याच्या आवाजात इतकी अजिजी होती की मलाच भरून आलं. कूकुम ऑलिव्हही म्हणाली, "आणू दे रे एक. वारा आहे. नियमात बसतं."

मुशुमनी मला विचारलं, "लठ्ठ आहेत?"

"लठ्ठ आहेत मुशुम. चालताना पोट गवताला लागतंय."

त्यांनी आवंढा गिळला. तो त्यांच्या वाळलेल्या गळ्यातून खाली उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिला.

"यंदा नको," ते म्हणाले. "नुकतेच आलेत. डेल्मा, कालचा वेवे उरलाय ना? तोच गरम कर."

मी पातेलं विस्तवावर ठेवलं.